झीज आणि गंज

थोरामोठ्यांच्या सत्कारसमारंभात एक वाक्य हमखास ऐकू येते: गंजण्यापेक्षा झिजणे बरे. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाचा निरोपसमारंभ असो, एखाद्या समाजसेवकाची पंच्याहत्तरी असो, की घरातल्या आजीबाईंचे सहस्रचंद्रदर्शन असो. बोलणारा हिंडून फिरून या वाक्यापाशी येतोच. त्याच्या मागोमाग चंदन येते. चंदन स्वतः झिजते आणि दुसऱ्याला सुगंध देते, हे आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की सहाण, खोड आणि ते खोड धरून फिरवणारा हात यांपैकी काहीही आपल्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. श्रोते माना डोलावतात, शाल पांघरली जाते, नारळ हातात पडतो आणि चहा येतो.

या वाक्यात दोन क्रियापदे आहेत आणि त्या दोहोंच्या मध्ये एक नैतिक निवाडा आहे. गंजणे हे आळशाचे, झिजणे हे उद्योग्याचे. पडवीत टाकून दिलेल्या नांगराच्या फाळावर गंज चढतो. रोज जमिनीत शिरणारा फाळ झिजतो, पण झिजता झिजता लखलखतो. लोखंडाच्या बाबतीत हा निवाडा इतका उघड खरा आहे की माणसाला तो लावताना आपण क्षणभरही थबकत नाही. आपल्या पूर्वजांनी मात्र शरीराला नाव देताना असा भेद केलेला दिसत नाही. ‘देह’ हा शब्द वाढीचा अर्थ असलेल्या धातूपासून आणि ‘शरीर’ हा शब्द विरण्याचा, मोडण्याचा अर्थ असलेल्या धातूपासून आला, असे व्युत्पत्ती सांगणारे पंडित म्हणत आले आहेत. एकाच वस्तूची ही दोन नावे. जे वाढते तेच विरते. ते आळशाचे आहे की उद्योग्याचे, याची चौकशी त्या शब्दांत नाही.

गेल्या सुमारे सत्तर वर्षांत शरीराच्या रसायनशास्त्राने जे सांगितले आहे, त्याने या निवाड्यापुढे एक अडचण उभी केली आहे. शास्त्र म्हणते की जिवंत शरीरात गंज आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. लोखंडावर चढणारा गंज म्हणजे लोखंडाचा प्राणवायूशी झालेला संयोग, म्हणजेच ऑक्सिडीभवन. आपल्या पेशींची जी झीज होते तिच्यातला एक मोठा भाग हा ऑक्सिडीभवनच आहे. आणि तो काम न करणाऱ्या पेशीत नव्हे, काम करणाऱ्या पेशीत होतो. जी पेशी श्वास घेते ती गंजते. असे जर असेल, तर सत्कारसमारंभातले ते वाक्य निरर्थक ठरते काय? आणि झिजण्याला आपण जो मोठेपणा देत आलो तो कशाच्या आधारावर?

या प्रश्नाचा विचार करायचा तर आधी प्राणवायूची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. कारण त्याचे नावच आपली दिशाभूल करते. १७७४ साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने सूर्याचे किरण एकवटले आणि त्यातून निघालेला वायू गोळा केला. त्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळते असे त्याला दिसले. पुढे त्याने तो स्वतः हुंगूनही पाहिला आणि छाती हलकी झाल्यासारखे वाटल्याची नोंद केली. परंतु त्याच नोंदीत त्याने एक शंकाही लिहून ठेवली. या वायूत मेणबत्ती जशी लवकर जळून संपते, तसा निरोगी माणूसही त्यात राहिला तर आपले आयुष्य लवकर संपवून टाकील की काय? शोध लागला त्याच घडीला त्याच्या दुसऱ्या बाजूची चाहूल शोधकाला लागावी, असे विज्ञानाच्या इतिहासात फारदा घडलेले नाही.

ही चाहूल खरी होती हे कळायला पावणेदोनशे वर्षे लागली, आणि ते कळले ते फार मोठी किंमत देऊन. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील आणि युरोपातील चांगल्या, सुसज्ज इस्पितळांत अपुऱ्या दिवसांची बालके काचेच्या उबदार पेटीत ठेवून त्यांना भरपूर प्राणवायू देण्याची पद्धत पडली होती. बालके वाचू लागली. पण वाचलेल्या कित्येक बालकांची दृष्टी गेली. गरीब इस्पितळांत, जिथे प्राणवायूची अशी रेलचेल नव्हती, तिथे हे अंधत्व क्वचितच दिसे. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली या दोन गोष्टींची सांगड घातली आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील अनेक इस्पितळांनी मिळून केलेल्या प्रयोगाने ती पक्की ठरली. तोपर्यंत जगभर सुमारे १०,००० मुले आंधळी झाली होती. पुढे डॉक्टरांनी हात आखडता घेतला, तेव्हा प्राणवायू कमी पडून काही बालके दगावली. कुणाच्याही मनात पाप नव्हते. प्राण देणारी वस्तू कितीही दिली तरी हितकरच असणार, एवढाच समज या सगळ्याच्या मुळाशी होता.

१९५४ सालीच रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनी विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की अतिरिक्त प्राणवायूने होणारी हानी आणि क्ष-किरणांनी होणारी हानी यांचे मूळ एकच आहे: मुक्त मूलके. ज्या अणूत किंवा रेणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीदारावाचून उरलेला असतो तो मुक्त मूलक. हा एकाकी इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाही. शेजारच्या रेणूतून जोडीदार ओढून घेतो. दोन वर्षांनी, १९५६ साली, डेनम हारमन यांनी याच्याही पुढे पाऊल टाकले. हारमन हे मूळचे एका तेल कंपनीतील रसायनतज्ज्ञ; मुक्त मूलकांची ओळख त्यांना तिथेच झाली होती. नंतर ते वैद्यक शिकले आणि त्यांनी विचारले की ही मूलके साध्या श्वसनातही सतत निर्माण होत असतील, तर ज्याला आपण म्हातारपण म्हणतो ते त्यांनी केलेल्या हानीची बेरीज तर नसेल? आपण घेतलेल्या प्राणवायूपैकी बहुतेक सारा पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये खर्च होतो. तिथे अन्नातले इलेक्ट्रॉन पायरी पायरीने उतरत येऊन प्राणवायूला मिळतात आणि त्यातून आपल्याला शक्ती मिळते. पण या उतरंडीवरून एखाददुसरा इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतो आणि भलत्या ठिकाणी प्राणवायूला चिकटतो. भट्टी आहे म्हणजे ठिणगी उडायचीच.

ही ठिणगी सर्वांत आधी कुठे पडते? स्निग्ध पदार्थांवर. हे समजायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही; हा अंक हाती पडेल त्या सुमारास घरोघर फराळाचे डबे भरलेले असतील, त्यांतला एखादा तुळशीच्या लग्नानंतर विसरून राहू द्यावा. करंजीतले सुके खोबरे आणि चकलीतले तेल काही दिवस अगदी जसेच्या तसे राहते. मग एके दिवशी डबा उघडावा तो खवट वास. आपण म्हणतो, तेल खवट झाले. जिनेव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १८२० साली पाण्यावर अक्रोडाच्या तेलाचा थर पसरून हेच पाहिले होते. पहिल्या आठ महिन्यांत त्या तेलाने स्वतःच्या आकारमानाच्या फक्त तिप्पट वायू शोषला आणि त्यापुढच्या दहाच दिवसांत साठपट! काही काळ काहीच घडत नाही आणि मग सगळे एकदम घडते. ज्यांनी घरात म्हातारपण जवळून पाहिले आहे त्यांना ही चाल अपरिचित वाटणार नाही.

याचे कारण असे, की खवटपणा ही साखळी आहे. मुक्त मूलक एका स्निग्धाम्लाच्या रेणूतून हायड्रोजनचा अणू ओढून घेतो. लुबाडलेला रेणू आता स्वतःच मूलक होतो, प्राणवायूला धरतो आणि आपल्या शेजाऱ्याला लुबाडतो. ज्याची चोरी झाली तोच चोर होतो. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण हे अशाच स्निग्धाम्लांचे दुपदरी वस्त्र आहे. ते लवचिक राहावे म्हणून त्यात जवसाच्या तेलासारखी, थंडीतही न गोठणारी, पातळ स्निग्धाम्ले असतात. आणि जी जितकी पातळ आणि लवचिक, ती तितक्या लवकर खवट होतात. तूप टिकते, जवसाचे तेल टिकत नाही. माणसाचा मेंदू हा शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो आणि त्याची आवरणे या नाजूक स्निग्धाम्लांनी भरलेली असतात. ज्या अवयवाच्या जोरावर आपण विचार करतो, तोच खवट होण्याला सर्वांत जवळचा आहे.

रोहिण्यांतही हेच. रक्तातून मेद वाहून नेणारे कण रोहिणीच्या भिंतीत अडकून खवट झाले, की पांढऱ्या पेशी त्यांना परके समजून गिळू लागतात. गिळून गिळून त्या फेसासारख्या फुगतात, आणि ज्याला आपण रोहिणीकाठिण्य म्हणतो त्याचा पाया तिथे पडतो. हृदयाच्या आणि मज्जासंस्थेच्या जुन्या पेशींत वयाबरोबर एक पिवळसर तपकिरी द्रव्य साचत जाते. तो बव्हंशी अशाच खवट झालेल्या मेदाचा आणि मोडक्या प्रथिनांचा, बाहेर न टाकता आलेला, गाळ असतो. विस्मरणाच्या रोगाने गेलेल्यांच्या मेंदूतही या हानीच्या खुणा सापडतात. तिथे ती रोगाचे कारण किती आणि परिणाम किती, याचा वाद अजून मिटलेला नाही. २०१२ साली तर पेशीच्या मरणाचा एक वेगळाच प्रकार ओळखला गेला: लोहाच्या साहाय्याने आवरणातला मेद खवट होत जातो आणि पेशी मरते. शरीराच्या आतदेखील गंजाला लोखंडच लागते, ही गोष्ट सत्कारसमारंभातल्या वक्त्याला निश्चित आवडली असती.

यावर माणसाने दोन उत्तरे शोधली आहेत. एक व्यासपीठावरचे, ते आपण पाहिले: झिजा, त्यात तुमचा गौरव आहे. दुसरे उत्तर दुकानातले: गंजूच नका. जीवनसत्त्व ‘ई’ हे पेशीच्या आवरणात राहून खवटपणाची साखळी तोडते. जीवनसत्त्व ‘क’ त्याला पुन्हा ताजे करते. मग या रक्षकांचीच भरती करावी, असा विचार कोणाच्याही मनात यावा. चहाच्या पुड्यांपासून चेहऱ्याला लावायच्या मलमांपर्यंत ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आज छापलेला असतो आणि तो वाचणाऱ्याला अर्धे पापक्षालन झाल्यासारखे वाटते. परंतु जेव्हा हा विचार नीट तपासला गेला तेव्हा निराळेच दिसले. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना पाच ते आठ वर्षे जीवनसत्त्व ‘ई’, बीटा-कॅरोटीन किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. १९९४ साली निष्कर्ष आला की बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक झाला. अमेरिकेतील अशीच दुसरी चाचणी १९९६ च्या आरंभी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. आणखी एका अमेरिकी चाचणीत ३५,००० हून अधिक पुरुष होते; तिथे जीवनसत्त्व ‘ई’ घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली जाहीर झाले.

असे का व्हावे? कारण मुक्त मूलके हे केवळ शत्रू नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी तीच मूलके मुद्दाम तयार करतात. ज्या मुलांना जन्मतः ही शक्ती नसते ती एकामागून एक जंतुसंसर्गांनी बेजार होतात. पेशी एकमेकींना आणि स्वतःला निरोप देण्यासाठीही त्यांचा उपयोग करतात. जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम दिला आणि निम्म्यांना सोबत जीवनसत्त्वे ‘क’ आणि ‘ई’ दिली. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारला तो जीवनसत्त्वे न घेणाऱ्यांत. घेणाऱ्यांत ती सुधारणा जवळजवळ दिसली नाही. पुढच्या सर्व प्रयोगांचा कौल एकसारखा नाही. पण या प्रयोगाने एक गोष्ट ध्यानात आणून दिली. व्यायामात स्नायू जास्त श्वास घेतात, जास्त ठिणग्या उडतात, आणि ती धग लागल्यामुळेच पेशी आपली दुरुस्तीची यंत्रणा वाढवते. धगच लागू दिली नाही तर दुरुस्तीही जागी होत नाही.

हारमन यांचा मूळ सिद्धान्तही आता त्याच्या पहिल्या सोप्या रूपात उभा नाही. आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा एक केस नसलेला उंदीर आहे. घरातल्या उंदराचे आयुष्य तीन-चार वर्षांचे. हा तीस वर्षांहून अधिक जगतो. आणि त्याच्या शरीरात या रासायनिक हानीच्या खुणा मोजल्या, तर त्या घरच्या उंदरापेक्षा कमी नव्हे, जास्त सापडतात! म्हणजे किती गंज चढतो यावर सगळे अवलंबून नाही. चढलेल्या गंजासह घर सांभाळता येते की नाही, मोडके ते बाहेर टाकून नवे बसवता येते की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. श्वास घेणाऱ्या प्रत्येकाला गंज चढतो, आळशाला आणि उद्योग्यालाही. तेव्हा गंजणे टाळून झिजणे पत्करणे असा पर्याय कोणापुढेच नाही. पण तालमीत जोर काढणारा तरुण आणि उसाच्या फडात पहाटेपासून कोयता चालवणारी बाई यांची तुलना करून पाहू. दोघांचे स्नायू धापा टाकतात, दोघांच्या तंतुकणिकांतून त्याच ठिणग्या उडतात. एकाला आपण व्यायाम म्हणतो, दुसऱ्याला पोटासाठीची मेहनत म्हणतो आणि तिच्या मागे उचल आणि मुकादम असले तर वेठ म्हणतो. मूलकांना हे शब्द ठाऊक नाहीत. आपण देशासाठी झिजत आहोत की सावकारासाठी, हे स्नायूंच्या रसायनाला कळत नाही. परंतु तालमीतला तरुण अर्ध्या तासाने थांबतो, दूध पितो, दुपारी झोपतो. फडातली बाई थांबत नाही. मोळी बांधून गाडीत चढवते, आणि कोपीवर परतून चुलीपुढे बसते, तिथला धूर छातीत घेते. त्या धुरातूनही तीच मूलके येतात. एकाच्या शरीरात धगीनंतर दुरुस्तीला वेळ मिळतो; दुसरीच्या शरीरात धगीनंतर धग येते. रसायनाला हेतू कळत नाही. विसावा मात्र कळतो.

घरातल्या झिजण्याचेही असेच आहे. २००४ साली कॅलिफोर्नियातील एलिसा एपेल, एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३९ जणी दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांच्या माता होत्या. रक्तपेशींतील गुणसूत्रांची टोके, जी वयाबरोबर आखूड होत जातात, ती त्यांनी मोजली. आणि लघवीतून बाहेर पडणारे, खवट झालेल्या मेदापासून बनणारे काही पदार्थही मोजले. त्या मातांमध्ये शुश्रूषेची वर्षे जितकी अधिक, तितकी टोके आखूड आणि ऑक्सिडीभवनाचा ताण अधिक, असा संबंध आढळला. ज्यांना आपल्या आयुष्यावरचा भार अधिक वाटत होता त्यांच्यातही तेच. पाहणी लहान आहे आणि संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही हे वाचून मन थोडे थांबते. चंदनाची उपमा देणाऱ्यांनी आईची झीज कधी मोजली नव्हती. ती मोजता येते, आणि एका लहानशा बाटलीत मावते.

इथे ययातीची आठवण होते. शुक्राचार्यांच्या शापाने ययाती अकाली म्हातारा झाला. पण त्या शापाला एक पळवाट होती. कोणी आपले तारुण्य देऊन ते म्हातारपण घेतले तर ते देता येणार होते. ययातीने पाचही मुलांना विचारले. चौघांनी नकार दिला. धाकट्या पुरूने ते घेतले आणि पित्याने हजार वर्षे सुखोपभोग घेतला. या कथेचा बोध आपण नेहमी ययातीच्या बाजूने सांगतो, की उपभोगाने वासना शमत नाही. पुरूच्या बाजूने सांगायचे झाले तर आपण त्याची पितृभक्ती सांगतो. नकार देणाऱ्या चौघांना बापाने शाप दिले होते, ही गोष्ट मात्र झरकन मागे टाकतो. पुरूला विचारले गेले ते सर्वांच्या शेवटी. आधीच्या चौघांवर शाप कोसळल्यावर पाचव्याने दिलेला होकार हा किती मोकळा होकार म्हणायचा?

झीज दुसऱ्याच्या अंगावर घालता येते, हे या कथेचे खरे मर्म आहे असे मला वाटते. तिला शुक्राचार्यांची विद्या लागत नाही. साधी घरातली व्यवस्था पुरते. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा तीन मुलांमध्ये एका सुनेकडे जाते आणि उरलेली दोन घरे तरुण राहतात. तिने नकार दिला असता तर तिला कोणी राजासारखा शाप दिला नसता. नुसते चार माणसांत बोलले असते. ती होकार देते, पुढे तिला प्रेमही वाटू लागते, ते प्रेम खरेही असते. आणि वीस वर्षांनी आपण तिला चंदन म्हणतो. चंदनाला कोणी विचारलेले नसते. म्हणून तर त्याची उपमा इतकी सोयीची.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. झिजेचा असा हिशेब मांडू लागलो तर माया, भक्ती, सेवा यांत उरले काय? जी आई रात्रीची जागरणे मोजते तिला आई तरी कशी म्हणावी? जगातले जे काही उदात्त आहे ते न मोजता दिलेल्यातूनच आले आहे. हे खरे आहे. कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारा माणूस आपल्या पेशींचे आवरण शाबूत आहे की नाही हे पाहत बसला, तर ते काम कोणी करावे? देणाऱ्याने मोजू नये, हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण या मान्यतेतून घेणाऱ्यानेही मोजू नये असे निघत नाही. आपली गफलत इथेच होते. देणाऱ्याच्या निरपेक्षतेचे कौतुक करता करता आपण घेणाऱ्याच्या विसराळूपणालाही त्याच पुण्यात बसवतो. न मोजणे हा झिजणाऱ्याचा अधिकार आहे. ज्याच्यासाठी तो झिजला त्याला तो अधिकार नाही. मुलाने आईची जागरणे मोजली पाहिजेत. ज्यांच्या चहात साखर पडते त्यांनी फडातली पहाट मोजली पाहिजे. बोलणाऱ्याच्या तोंडी ‘मी झिजलो’ हे वाक्य कुरूप दिसते. ‘ती माझ्यासाठी झिजली’ हे वाक्य टाळणे त्याहून कुरूप आहे.

आणि हिशेब ठेवायचा तो कशासाठी? ऋण फेडण्यासाठी नव्हे. गेलेली वर्षे परत देण्याची पुरूची सोय आपल्याजवळ नाही. एकदा खवट झालेले तेल पुन्हा गोडे होत नाही. परंतु जिवंत पेशी ही डब्यातल्या तेलासारखी नाही. ती दुरुस्त होत असते, आणि दुरुस्तीला तिला फारसे काही लागत नाही: अन्न, झोप, धुरापासून सुटका, आणि भार थोडा वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर. झीज थांबवणे माणसाच्या हाती नाही. ती वाटून घेणे आहे. तीन भावांच्या घरात वडिलांची रात्र पाळीने जागली गेली, तर तिघांच्याही शरीरात थोडा थोडा गंज चढेल आणि तिघांच्याही शरीराला तो उतरवायला सवड मिळेल. वैद्यकाच्या भाषेत ही मोठी गोष्ट नाही. घराच्या भाषेत ती अवघड आहे, कारण तिच्यात कोणालाच चंदन होता येत नाही.

पुढच्या एखाद्या समारंभात ते वाक्य पुन्हा कानावर पडेल आणि त्यात वाईट काही नाही. बोलणाऱ्याच्या मनात कृतज्ञताच असते. शालही द्यावी. पण शाल खांद्यावर पडते तेव्हा ते खांदे केव्हापासून उतरले आहेत हे समोर बसलेल्यांपैकी ज्यांना ठाऊक असते, त्यांना एवढेही कळत असावे की हा सत्कार वीस वर्षांपूर्वी, एखाद्या मध्यरात्री, ‘तुम्ही निजा, आता मी बसतो’ एवढ्या शब्दांत करता आला असता.